एका आरतीची उकळी

गेल्या आठवड्यात मी चहाचं भांडं जाळलं. चहा उतू घालवणं, दूध नासवणं, साखर दोनदा टाकणं ही कामं मी लग्न झाल्यापासून नियमितपणे करत आलो आहे, त्याचं घरात कुणाला काही वाटत नाही. या वेळी मात्र भांडंच जाळलं. हिला दोन दिवस कणकण होती, तेव्हा सकाळचा चहा आपण करायचा असं मी जाहीर केलं. स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं आणि सवयीप्रमाणे आरती म्हणू लागलो. तिसऱ्या कडव्यात शब्द अडला. मधलं गाळून पुढं जायची मला मुभा नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून धरली. पुन्हा तिथंच अडलो. असं चौथ्यांदा होईपर्यंत पाणी आटलं, तळ तडतडला, आणि आतून हिचा आवाज आला, "अहो, देव पावला असेल आता. स्टोव्ह बंद करा."

पुण्याला डॉक्टरकी शिकणारा माझा पुतण्या त्या दिवशी आमच्याकडं दौंडला मुक्कामाला होता. तो दाराला टेकून सगळं पाहत होता.

"काका," तो म्हणाला, "चहानं भूक मरते, झोप जाते, पित्त होतं. त्याला वर आणि ओवाळायचं कशाला?"

मी त्याला म्हटलं, बैस. चहानं काय होतं ते मला ज्यानं शिकवलं, आणि आधणावर आरती म्हणायची सवय ज्यानं लावली, तो माणूस जन्मात कधी देवळाची पायरी चढला नव्हता. आमच्या लोकांनी चढू दिलीही नसती. तो दर रविवारी शिरूरच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा. त्या खुंटीला निळ्या काठाचा पांढरा मग अडकवलाय ना, टवके उडालेला, तो त्याचा.

याकोबमामा शिरूरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. मी न्हावऱ्याच्या अलीकडं एका वाडीवर मास्तर होतो. वाडीचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात. चाळीस-एक घरं, एक शाळा, शाळेला एक खोली, आणि त्या खोलीत चार इयत्ता सांभाळणारा मी. मामा दर बुधवारी सायकलवरून यायचे. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेला, डोक्याला टोपी नाही, मागं कॅरिअरला औषधांची पेटी, आणि पेटीवर दोरीनं बांधलेली गवती चहाची जुडी. हँडलला तो मग. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मग हँडलवर आपटायचा, त्यामुळं मामा दिसायच्या आधी ऐकू यायचे.

औषधाची बाटली देताना ते न चुकता सांगत, "हलवून घ्या." हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की स्वतःचा चहासुद्धा ते मगात तीनदा गरगर फिरवल्याशिवाय पीत नसत. एकदा मी त्यांना शाळेच्या कामाचा लखोटा शिरूरला टाकायला दिला, तर तो हातात देताना मीच म्हणालो, "हलवून घ्या." मामा हसले नाहीत. त्यांनी लखोटा खरोखरच हलवला, कानाशी नेला, आणि म्हणाले, "आत काय न्हाई वाटतं. सरकारी हाय."

चहाबद्दल त्यांचे कायदे होते. सकाळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी चहा नाही. जेवणावर लगेच चहा नाही, तासभर जाऊ द्यायचा. दिवस गेलेल्या बाईनं तर दोन तास. लहान पोरांना अजिबात नाही. सर्दी-तापाला गवती चहा, आलं, दोन तुळशीची पानं. थकून आलेल्या माणसाला कडक, पण अर्धाच कप. वाडीत त्या वेळी चहा नवलाईचा होता. काही घरांत पाहुणा आला तर व्हायचा, काही घरांत पाहुणा आला तरी व्हायचा नाही. अशा ठिकाणी मामा गल्लीत उभं राहून चहाचे गुण सांगत, तेव्हा मला ते एखाद्या चहाच्या कंपनीचे वाटत. एकदा मी तसं बोललोही.

"मास्तर," ते म्हणाले, "चहात काय बी न्हाई. चिमूटभर पाला. पर पानी उकळल्याबिगर चहा होतो का? न्हाई ना? नुसतं उकळलेलं पानी प्या म्हनलं तर मानसं म्हंत्यात, आमी काय आजारी हाय व्हय? चहा प्या म्हनलं का बसत्यात फतकल मारून. उकळत्या पान्याला म्या रंगीत सदरा घातलाय, येवढंच."

आता मगाबद्दल. हे सांगायला मला आवडत नाही, पण पुतण्यालाही सांगितलं, तेव्हा इथंही सांगतो. वाडीत घरोघरी ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत एक कप असायचा. बहुधा कानतुटका. गावाबाहेरच्या वस्तीवरचं कुणी आलं, मामांसारखं कुणी आलं, की त्या कपात वरून चहा ओतायचा. पिणाऱ्यानं तो विसळून परत देवळीत ठेवायचा. आमच्या भाड्याच्या घराच्या देवळीतही तो होता. घराबरोबर मिळाला होता. मी तो काढला नाही.

मामा पहिल्यांदा आमच्या ओसरीवर आले तेव्हा हिनं घरातल्या कपबशीत चहा आणला. लग्न होऊन वर्ष झालं होतं, हिला वाडीच्या रीती अजून नीट ठाऊक नव्हत्या. मी फक्त हिच्याकडं पाहिलं, मग देवळीकडं पाहिलं. ही थबकली. मामांनी ते पाहिलं का, मला कळलं नाही. ते उठले, सायकलपाशी गेले, हँडलचा मग काढून आणला आणि हिच्यापुढं धरला.

"ह्यात ओता, ताई. मी कुनाच्या घरचा कप वापरत न्हाई. कप म्हंजी रोगाचा पूल. ह्या तोंडातून त्या तोंडात." तीन वेळा मग फिरवून ते चहा प्याले. जाताना म्हणाले, "शिरूरला आलात का घरी या चहाला. चर्चच्या मागं घर हाय. आमची मंडळी आलं ठेचून करती."

ते दर वेळी हे म्हणत. मी दर वेळी "येतो की" म्हणत असे. शिरूरला मी महिन्यातून दोनदा तरी जायचो.

वाडीवर शब्द चालायचा तो आबांचा. सत्तरीचे, सहा फूट, बागायत जमीन, दारात बारा म्हशी. आबांच्या घरात चहाला बंदी होती. चहानं रक्त जळतं, कंबर वाकते आणि माणूस बायकोचं ऐकायला लागतो, हे त्यांचं ठाम मत. त्यांची आणि मामांची एकदा शाळेपुढच्या लिंबाखाली गाठ पडली.

"याकोबा, माझ्या मानसांना बिघडवू नगंस," आबा म्हणाले. "आमी दुधाची मानसं."

"दूध चांगलंच हाय, आबा. पर त्यात पानी घालत्यात ना?"

"माझ्या घरी दुधात पानी?"

"म्हशीनं घातलेलं म्हन्तो मी. ती कंचं पिती?"

पोरं हसली. आबा हसले नाहीत. काठी उचलून निघून गेले, आणि पुढचे तीन बुधवार त्यांच्या आळीत मामांना कुणी हाक मारली नाही.

त्या वर्षी वैशाखात विहिरीनं तळ गाठला. आणि खालच्या आळीत पटकी आली.

पटकी म्हणजे कॉलरा, हे पुतण्याला माहीत आहे. ती काय असते ते त्याला माहीत नाही, आणि माहीत होऊ नये. सकाळी औत घेऊन गेलेला माणूस दुपारी उचलून आणला आणि संध्याकाळी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई. बुधवार नव्हता, तरी मगाचा आवाज आला. मामा शिरूरहून निरोप मिळताच निघाले होते. त्यांनी विहिरीत लाल औषध टाकलं. पाणी जांभळट गुलाबी झालं. "हेच पानी भरा, दुसरं कुठलं न्हाई," असं घरोघर सांगून ते आमच्या ओसरीवर येऊन बसले. दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. डॉक्टर दुसऱ्या गावांत अडकले होते. पुण्याहून माणसं आणि सामान यायला दोन-तीन दिवस लागणार होते.

"तोवर?" मी विचारलं.

"तोवर पानी नीट पाहिजे. बास."

इथं वाडीनं जी चूक केली ती आमच्याकडचीच माणसं करू शकतात, आणि अतिशय काळजीपोटी. ते रंगीत पाणी कुणी भरलं नाही. बायका म्हणाल्या, विहीर नासली, पाण्याला वास मारतोय, असं पाणी देवाला कसं घालायचं आणि लेकरांना कसं पाजायचं. सगळ्या जणी गुपचूप ओढ्यात गेल्या आणि वाळूत खड्डा करून झिऱ्याचं पाणी आणू लागल्या. ते पाणी नितळ होतं, गार होतं. त्याच ओढ्याला, पन्नास पावलं वर, आजाऱ्यांची धडुती धुतली जात होती.

मामांना हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही नाही ऐकलं. ते सरळ आबांच्या घराकडं निघाले, मी मागून. अंगणाच्या कडेला, जिथपर्यंत त्यांना येऊ देत तिथं, उभे राहिले.

"आबा, तुमी येक शबुद टाका. विहिरीचंच पानी भरा, आन् चहा करून प्या म्हना. चहात रंग कळायचा न्हाई, वास कळायचा न्हाई, आन् पानी उकळून निघंल. येवढे चार दिस."

आबा ओसरीवर बसले होते. आधी त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "विहीर तू बाटवलीस. आता घरातलं भांडं बाटवाया निघालास. जा."

मामा गेले नाहीत. गल्लीगल्लीतून फिरत तेच सांगत राहिले. काही घरांनी ऐकलं, बऱ्याच घरांनी दार लोटून घेतलं. मला म्हणाले, "मास्तर, तुमी तरी." मी म्हटलं, अर्थात. मी शिकलेला माणूस. हिला सांगितलं, आजपासून पाणी उकळून. पण रॉकेल संपत आलं होतं आणि मला घाई फार. भांड्यातून वाफ दिसली, तळाशी दोन बुडबुडे आले, की मी "झालं" म्हणून स्टोव्ह बंद करत होतो. आणि आम्हाला पाणी आणून देणारी गंगूबाई, मास्तरीणबाईंना ते घाण लाल पाणी नको, म्हणून आपणहून झिऱ्याचं आणत होती. ते आम्हाला मागाहून कळलं.

तिसऱ्या दिवशी पहाट फुटताना हिला पहिली उलटी झाली.

सूर्य कासराभर वर येईपर्यंत हिचे डोळे आत गेले होते. बोटांची टोकं धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. आवाज इतका बारीक झाला, की कान तोंडाशी न्यावा लागत होता. मी ओसरीवर आलो तर मामा सायकल टेकवून उभे होते. पायरी चढले नव्हते.

"कितींदा?" त्यांनी विचारलं.

"मोजलं नाही."

"लघवी?"

"नाही झाली."

ते म्हणाले, "अंगातलं पानी चाललंय. ते परत घालायचं. बाटली न्हाई, तवा तोंडानं घालायचं. मी आत येऊ?"

पुतण्याला सांगतानाही इथं थांबून मी त्याच्याकडं पाणी मागितलं होतं. मी मामांना काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "तुम्ही तिथनं सांगा. मी करतो."

कारण समोरच्या दोन ओसऱ्यांवर माणसं उभी होती. कारण मामा चुलीपर्यंत गेले, हे अर्ध्या तासात आबांपर्यंत गेलं असतं, आणि उद्यापासून गंगूबाई आली नसती, शाळेत पोरं आली नसती. माझी बायको आत मरत होती आणि मी उद्याच्या हजेरीचा विचार करत होतो.

मामा फक्त "बरं" म्हणाले. अंगणातून सांगू लागले. "शेरभर पानी. ठेवलं? उकळी फुटली का सांगा."

"फुटली."

"येवढ्यात? वाफ दिसली म्हंजी उकळी न्हवं, मास्तर. खदखदू द्या. मी आमची प्रार्थना दोनदा म्हन्तो तवर."

"मला ती येत नाही."

"मग तुमची आरती म्हना. पुरी. मधलं कडवं गाळायचं न्हाई."

मी स्टोव्हपुढं बसून आरती म्हणालो. आयुष्यात इतकी लांब आरती मी म्हटली नव्हती. आत ही ओकत होती, बाहेर मामा उभे होते, आणि मी तिसरं कडवं आठवत होतो. मग चिमूटभर चहा, दूध नाही, मूठभर साखर, तीन बोटांच्या चिमटीत मीठ. घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. चिमटीत किती आलं आणि किती पडलं, कळलं नाही. निवल्यावर वाटीभर हिला पाजलं, आणि ते सगळं जसंच्या तसं बाहेर आलं. पुन्हा पाजलं. पुन्हा आलं.

"मामा, राहत नाही."

"चाटून बघितलंत का?"

"नाही."

"चाटा. आसवाइतकं खारट पाहिजे. त्याच्या वर न्हाई."

मी दारात आलो. मला वाटतं, मी ओरडलो असेन. "आसवं किती खारट असतात ते मला काय माहीत?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं. अगदी हळू म्हणाले, "आता गालावर काय आलंय, त्येच चाखा."

मी चाखलं. मग वाटीत बोट बुडवून चाखलं. माझं पाणी चौपट खारट होतं. वाटी हातातच धरून मी पायरी उतरलो आणि मामांना म्हणालो, "आत चला."

त्यांनी विचारलं, "समोर मानसं हायेत. बघितलंय ना?"

"बघितलंय."

त्यांनी चपला काढल्या, हँडलचा मग घेतला, हात कोपरापर्यंत धुतले, आणि आत आले. माझं पाणी ओतून टाकलं. नवं आधण ठेवलं. ओठ हलवत प्रार्थना दोनदा पुरी केली. मगात चहा घेऊन तीनदा फिरवला, आणि हिच्या उशाशी बसून चमच्यानं पाजू लागले. एक चमचा. मग बोटं मोजत थांबायचे. मग दुसरा. "वाटीभर पाजलंत म्हनून आलं," ते म्हणाले. "पोट रागावलंय. त्याला कळू न देता घालायचं." हिनं तोंड फिरवलं की ते म्हणत, "ताई, अर्धाच चमचा. हलवून घेतलाय."

दुपार झाली. एकदा ओकारी झाली, मामा थांबले, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. मी आधणं ठेवत होतो आणि आरत्या म्हणत होतो. शब्द अडला तर मामा मान न वळवता म्हणत, "पहिल्यापासनं." चार वाजायच्या सुमारास हिची शुद्ध जरा हरपल्यासारखी झाली. मामांनी हिच्या हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. मग त्यांनी आपल्या सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण उघडलं. ते मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला फार भीती वाटली.

त्याच वेळी दारात उजेड अडला. आबा उभे होते.

मामा चमच्यावरून नजर न हलवता म्हणाले, "आबा, बोलायचं आसंल तर मागनं बोला. आता येक चमचा ऱ्हायलाय."

आबा उंबऱ्यापाशी तसेच उभे राहिले. त्यांच्या नजरेला काय काय पडत होतं, ते मी त्यांच्याबरोबर पाहत होतो: आमचा स्टोव्ह, आमचं आधण, मामांचा मग, हिच्या तोंडाशी त्यांचा हात. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आबांनी हातानंच गप्प केलं.

"हाय का जीव?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"थांबलं का?"

"कमी हाय."

आबा तिथंच उंबऱ्यावर बसले. इतका मोठा माणूस बसताना गुडघे धरून बसतो, हे मी तेव्हा पाहिलं. "धाकट्या सुनंला दुपारधरनं ढाळ लागल्यात," ते म्हणाले. "पोटुशी हाय. हे पानी आमच्यात कर, याकोबा."

मामांनी चमचा खाली ठेवला. "मी करनार न्हाई."

मला वाटलं, आता अंगणातल्या त्या उभं राहण्याचा हिशेब चुकता होणार. पण मामा म्हणाले, "मी येकला हाय, आबा. घरं चाळीस. मी केलं तर येका घरात हुईल. तुमच्या घरातल्या बाईच्या हातानं करा, मी उंबऱ्यावर बसून सांगतो. मग तुमी पुढच्या घरी सांगा. पानी विहिरीचं. आरती पुरी. मीठ आसवाइतकं."

"आरती कोन म्हननार? बाया घाबरल्यात."

"तुमीच म्हना."

मामा चमचा माझ्या हाती देऊन आबांबरोबर गेले. आबांनी आरती म्हटली. त्यांचा आवाज रेड्यासारखा होता आणि ताल कशाशीच जुळत नव्हता. आमच्या घरात स्पष्ट ऐकू येत होतं. मग शेजारच्या घरातून दुसरा आवाज आला. मग पलीकडच्या आळीतून. दिवस मावळायच्या आत वाडीत घराघरातून, पुढंमागं, वेगवेगळ्या कडव्यांवर, आरत्या चालू होत्या. घंटा नाही, टाळ्या नाहीत. देवासमोर कुणी उभं नव्हतं, सगळे चुलीसमोर बसले होते. परक्या माणसानं रस्त्यावरून ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, या वाडीत आज काय सण आहे.

मामा परत आले, आणि दिवे लागायच्या वेळी हिला लघवी झाली. मामांनी सदऱ्याचं बटण लावलं.

आबांची सून वाचली, मूलही. सगळेच वाचले नाहीत. त्या सांजेनंतरही तीन माणसं गेली, त्यातला एक माझा चौथीतला मुलगा होता. त्याचं नाव मी हजेरीपटावरून वर्षभर कापलं नाही. पुण्याहून माणसं आली, सुया टोचल्या, सलाईन लावली. मामांना कुणी विचारलं, तर ते सांगत, "चहानं कुनी बरं झालं न्हाई. पानी परत घातलं, बास. पर चहा नसता तर पानी कुनी घेतलं नसतं."

पुढं आबा रोज एक कप कोरा चहा घेऊ लागले, औषध म्हणून, भिंतीकडं तोंड करून. याचा अर्थ वाडी बदलली असा नाही. दोन महिन्यांनी देवळ्यांतले कप जागच्या जागी होते. आमचा तेवढा नव्हता. मी हिला विचारलं, तर ही म्हणाली, "हातातून पडला." आमच्या घरात वस्तू पाडायचं काम माझ्याकडं आहे, हिच्या हातून चमचासुद्धा कधी पडलेला नाही. मी पुढं विचारलं नाही.

नंतर माझी दौंडला बदली झाली. वर्षं गेली. मग एका सकाळी, कुणाला तरी उतरवून घ्यायला स्टेशनवर गेलो असताना, सोलापूरकडच्या गाडीच्या खिडकीत याकोबमामा दिसले, गळ्यापर्यंत बटणं लावलेले. पार पिकले होते. मंडळी गेली, शिरूरचं घर सोडलं, आता सोलापूरला लेकीकडं कायमचे, असं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. हिची चौकशी केली. मी म्हटलं, "चहा आणतो." त्यांनी पिशवीतून मग काढून माझ्या हातात दिला.

स्टॉलवाल्याला मी म्हटलं, ह्यात भर. मामा खिडकीतून ओरडले, "इचारा त्येला, पानी किती येळ उकळलंय."

"पहाटेपासून चालूच आहे, बाबा," स्टॉलवाला म्हणाला.

"मग हरकत न्हाई."

मी नेमका सुटे शोधत बसलो. शिटी झाली. गाडी हलली. मी भरलेला मग धरून पळू लागलो. जरा जोरात पळावं तर चहा सांडतो, सावकाश पळावं तर डबा पुढं जातो. मला मग रिकामा करून फेकायचं सुचलं नाही. मामांनी खिडकीतून हात बाहेर काढला होता, मग घेण्यासाठी असावा. नंतर तो हात त्यांनी तसाच उभा धरला, निरोपासारखा.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," ते म्हणाले. "तुमीच प्या. हलवून घ्या."

मी फलाटाच्या टोकाला उभा राहून तीनदा मग फिरवला आणि प्यालो.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तो मग हिच्यापुढं धरला. म्हटलं, "माझ्याच हातात राहिला बघ. लेकीचा पत्ता काढून पार्सलनं पाठवून देतो." हिनं मग घेतला, घासला, पुसला, उजेडात धरून त्याचा निळा काठ पाहिला. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "अहो, ते दर बुधवारी बोलवायचे. शिरूरला त्यांच्या घरचा चहा आपण एकदा तरी प्यालो का?"